समृद्धीचं बोलावणं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळी साडेआठ वाजता, कालिंदीआक्का जांभळाखाली घोंगडं अंथरून बसल्या. नऊ वाजेपर्यंत त्यांच्याकडे एकही मूल गेलं नाही.

आमच्याकडे घंटा नव्हती, इयत्ता नव्हत्या. सत्राच्या पहिल्या दिवशी सगळे शिक्षक आवारात आपापली जागा धरून बसायचे. मुलं हिंडत हिंडत यायची आणि ज्याच्याकडे शिकायचं असेल त्याच्या घोंगड्यावर टेकायची. टेकलं की सत्रभर तो आपला गट. ही निवडीची सकाळ आक्कांनीच सुरू केलेली. आजरा आणि उत्तूरच्या मधल्या त्या माळावर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी 'सावड' ही शाळा काढली, तेव्हा लांबलांबची माणसं गाड्या करून ही निवड बघायला यायची म्हणे. मूल शिक्षक निवडतं, याचं त्या काळी फार कौतुक होतं.

मी त्याच वर्षी जूनमध्ये शाळेची प्रमुख म्हणून आले होते. माझं घोंगडं विहिरीच्या कठड्यापाशी होतं. तिथून जांभूळ समोर दिसत होतं. आक्का मांडी घालून ताठ बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, पांढरं सुती पातळ, कानात ऐकण्याचं यंत्र. मुलं त्यांना वळसा घालून जात होती. काही जण जाताना "नमस्ते आक्का" म्हणत होते, आणि पुढे जात होते.

त्याच दिवशी शाळेत पहिल्यांदा आलेली एक चिमुरडी जांभळाच्या दिशेने चालू लागली. आक्का बाजूला सरकल्या, शेजारची घोंगड्याची सुरकुती त्यांनी हाताने साफ केली. मुलगी त्यांच्या मागे गेली, तिथे मघाशी धावताना सुटलेली आपली एक चप्पल उचलून तिने पायात घातली आणि दुसऱ्या गटाकडे पळाली. आक्कांनी केलेली जागा तशीच राहिली.

या वेळी असं होणार, हे त्यांच्याखेरीज शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं.

गेली काही वर्षं आक्कांकडे मुलं जात होती ती संपतदादांनी पाठवल्यामुळे. संपतदादा शाळेतले सगळ्यांत जुने शिक्षक. निवडीच्या आधी ते पाच-सहा शहाण्या मुलांना बाजूला घ्यायचे आणि या सत्राला आक्कांकडे बसा, असं सांगायचे. मुलं बसायची. आक्का त्यांना शाळेच्या पहिल्या वर्षांच्या गोष्टी सांगायच्या. विहीर कशी खणली, पहिलं छप्पर वादळात कसं उडालं. आठवडाभराने तीच विहीर पुन्हा खणली जायची. दुपारी त्यांचा डोळा लागायचा आणि मुलं आवाज न करता बाहेर खेळायला जायची. अशी दोन सत्रं काढलेल्या मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षी भागाकार येत नव्हता. पालकांनी मुलं काढून न्यायला सुरुवात केली होती. आक्कांनी शिकवणं थांबवलं नाही तर शाळा फार टिकणार नव्हती, आणि हे कळायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

ट्रस्टचे अध्यक्ष डॉक्टर चौगुले यांचा आजऱ्यात दवाखाना. शाळा नव्याने उभी करायची म्हणून त्यांनीच मला पुण्याहून आणलं होतं. दिवाळीआधी मी त्यांना दवाखान्यात जाऊन भेटले आणि म्हटलं की आक्कांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि ते ट्रस्टने सांगायला हवं. डॉक्टर आक्कांना वहिनी म्हणायचे. त्यांनी पेशंट थांबलेत का ते बघितलं, मला चहा विचारला, आपण त्या घरात किती जेवलोय ते सांगितलं.

"मॅडम, तुम्ही सांगा की," ते शेवटी म्हणाले. "आमच्या तोंडातनं ते निघायचं नाही. काहीतरी असं बघा, त्यांना कळंल पण दुखणार नाही."

असं काही नसतं, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग मी संपतदादांना सांगितलं की या वेळी कोणालाही पाठवायचं नाही.

"मग सरळ तोंडावर सांगा त्यांना, ताई. हे पोरांच्या अंगावर कशाला घालताय?"

मी म्हणाले, "आपली शाळा म्हणते मूल निवडतं. मग निवडू दे एकदा."

स्वतः जाऊन आक्कांशी बोलायची त्यांचीही तयारी नव्हती.

नऊ वाजता आक्का उठल्या. आवाराच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या तिकडे जातील, असं सगळ्यांनी धरलं होतं. दुपारी त्यांच्याकडे जाऊन काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं: ग्रंथालय, पाहुण्यांना शाळा दाखवणं, सल्लागार असं काहीतरी पद. पण आक्का घराकडे गेल्या नाहीत. आवाराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि मुलं गप्प होईपर्यंत थांबल्या.

"नियम ठाऊक आहे ना सगळ्यांना? ज्याच्याकडे कोणी बसत नाही, तो सत्रभर विद्यार्थी."

हा नियमही त्यांचाच. तो त्याआधी एकदाच लागू झाला होता, कोल्हापूरहून आलेल्या विज्ञानाच्या एका शिक्षकाला. तो दुपारच्या एसटीने गेला आणि कपडे न्यायलाही परत आला नाही. आक्कांनी घोंगड्याची घडी केली, ती काखेत मारली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"शर्वरी, जागा आहे का तुझ्याकडे?"

मुलं हसली आणि सरकली. आक्का समृद्धीच्या शेजारी बसल्या.

समृद्धी रेडेकर अकरा वर्षांची होती. आधीची दोन्ही सत्रं ती आक्कांच्या गटात होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारा तिचा चुलतभाऊ तिला रोज संध्याकाळी एक भागाकार घालायचा आणि ती अडली की घरभर सांगत फिरायचा. त्या सकाळी माझ्या घोंगड्यावर सगळ्यांत आधी येऊन बसलेली तीच होती. मी अजून घोंगडं पुरतं अंथरलंही नव्हतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. झालं का, असं त्यांनी विचारलं. झालं, पण आक्का माझ्या गटात विद्यार्थी म्हणून बसल्यात, असं मी सांगितलं. ते हसले. वहिनींचं डोकं भारी, म्हणाले. दोन दिवसांत कंटाळतील, असंही म्हणाले.

आक्का कंटाळल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या आधी यायच्या, पाटी पुसून ठेवायच्या, बोलायचं असेल तर हात वर करायच्या. पहिल्या दिवशी त्यांचे प्रश्न चांगले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दर पाच मिनिटांनी हात वर केला. हे का शिकायचं? हे मुलांनी मागितलं होतं का? फळ्यावर का, जमिनीवर का नाही? मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की मुलांचा वेळ जातोय. विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे, असं आपल्या भिंतीवर लिहिलंय, ते त्यांनी मला दाखवलं. अक्षर त्यांच्या यजमानांचं होतं.

त्या दिवसापासून मी त्यांना विद्यार्थ्यासारखीच उत्तरं द्यायला लागले. "आक्का, तुमचं झालं की इतरांना बोलू द्या." "आक्का, आता ऐकायची वेळ आहे." मुलं माझ्याकडे बघायची, मग आक्कांकडे. चौथ्या दिवशी एक मुलगा माझ्याच आवाजात म्हणाला, "आक्का, आता ऐकायची वेळ आहे," आणि सगळा गट हसला. आक्काही हसल्या. मी त्याला काही बोलले नाही.

शुक्रवारी मी मोठे भागाकार घेतले. समृद्धी फळ्यापाशी उभी होती, दोन पायऱ्या बरोबर सोडवून तिसऱ्या पायरीवर थांबली होती. तिला सुटणार होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात आक्का उठल्या, तिच्या हातातून खडू घेतला आणि म्हणाल्या की भागाकार म्हणजे वाटणी, आणि वाटणी कशी असते ते सांगते. त्यांनी सुगी सुरू केली. खळं, रास, आपल्या वाट्याचं धान्य, बैतं, न्यायला आलेले बलुतेदार. अर्धा तास गेला. समृद्धी फळ्याशी तशीच उभी होती. गोष्ट संपली तेव्हा तिचं गणित पुसलं गेलं होतं, कारण आक्कांना रास काढायला जागा हवी होती.

शनिवारी सगळी शाळा गोल करून बसायची. ज्याला कोणाविषयी काही सांगायचं असेल त्याने ते नाव घेऊन, समोर, न रागावता सांगायचं, अशी रीत होती. समृद्धीने हात वर केला.

"मला आक्कांविषयी सांगायचंय. आक्का मध्येच बोलतात. त्यामुळं मला शिकायला मिळत नाही."

आवाज अगदी बरोबर होता. न रागावता, नाव घेऊन, समोर. आक्कांनीच शिकवलेलं होतं ते.

आक्कांनी बोलायची परवानगी मागितली. मी दिली.

"समृद्धी, तू माझ्याकडे दोन सत्रं बसलीस. तेव्हा कधी असं म्हणाली नाहीस." मग त्या आम्हा मोठ्यांकडे वळल्या. "संपत मुलं पाठवायचा ते मला ठाऊक होतं. मी काही आंधळी नाही. ज्यांना पाठवलेलं असायचं ती बसतानाच कळायची, घोंगड्याच्या कडेला बसायची. ही मात्र मधे येऊन बसायची. ही आपल्या मनाने यायची."

संपतदादा खाली बघत होते.

समृद्धी म्हणाली, "मलाबी दादांनीच सांगितलं होतं, आक्का. मधे बस, म्हणजे त्यांना बरं वाटंल, असं पण सांगितलं होतं."

आक्कांनी कानातलं यंत्र काढलं, पदराने पुसलं आणि परत घातलं.

मग एका लहान मुलाने विचारलं, "ताई, आता आक्कांना पण ओट्यावर बसायचं का?"

कोठीच्या खोलीबाहेर एक ओटा होता. दुसऱ्याच्या शिकण्यात अडथळा आणणाऱ्याने तिथे जाऊन बसायचं. ज्याची तक्रार असेल त्याने मनातला राग गेला की स्वतः जाऊन त्याला बोलवायचं, "चल" म्हणायचं, आणि दोघांनी मिळून परत यायचं. दुसऱ्या कोणी बोलावलेलं चालायचं नाही, शिक्षकांनीही नाही. शिक्षा नाही, थांबणं आहे, असं आक्का पाहुण्यांना समजावून सांगायच्या. मुलं कधी दहा मिनिटांच्या वर बसलेली मी पाहिली नव्हती. राग तेवढा टिकतच नसे.

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. आक्काही बघत होत्या.

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

आक्का उठल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

दहा मिनिटं झाली, तास झाला, जेवणाची वेळ झाली. समृद्धी जेवली, तिने ताट घासून ठेवलं आणि मुलींबरोबर सागरगोटे खेळायला बसली. संपतदादा तिच्याजवळ उकिडवे बसले आणि तिला समजावत राहिले. नंतर माझ्याकडे आले. ती म्हणते राग गेलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, असंही म्हणाले. मी सांगितलेलं बोलावणं तिचं कसं होईल, असं मी विचारलं.

"ताई, आता नियम पुरे झाला," ते म्हणाले.

मी म्हणाले की ते आक्कांना विचारा. ते गेले. हात धरून त्यांना उठवायला लागले. आक्कांनी हात सोडवून घेतला. समृद्धी घरी गेली, मुलांना सोडणारी जीप गेली, आक्का दिवेलागणीपर्यंत बसून होत्या. मग घरी गेल्या. सोमवारी सकाळी त्या गटात आल्या नाहीत. ओट्यावर येऊन बसल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेले. मी उभी होते, त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"मला वाटलं होतं तू येशील माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "दिवाळीत दार उघडं ठेवून बसत होते. म्हटलं येईल आणि म्हणेल, आक्का, आता पुरे. मी भांडले असते दोन दिवस. मग सोडलं असतं. तू मुलांकडून सांगवलंस."

डॉक्टरही आले नाहीत, संपतदादाही आले नाहीत, असं मी म्हणाले.

"ते भित्रे आहेत. तुला मी तशी समजत नव्हते."

मी विचारलं, की मग आता उठता का?

"समृद्धीला पाठव."

"पाठवलेली चालते का तुम्हाला?"

नाही, म्हणाल्या.

तो आठवडाभर त्या ओट्यावर होत्या. माझा गट सुरळीत चालला. समृद्धीला बुधवारी मोठा भागाकार जमला; तिने चुलतभावाला उलटा एक घातला आणि तो अडला, हे तिने दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांना सांगितलं. बाकीच्या मुलांना पहिले दोन दिवस आक्कांकडे बघून चुकल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली. लहान मुलं तिथे लपंडाव खेळायची. राज्य असलेला मुलगा ओट्याच्या खांबावर डोळे टेकून आकडे म्हणायचा. एकदा त्याने खांबाऐवजी आक्कांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि आकडे म्हटले. आक्का हलल्या नाहीत. तो पळून गेल्यावर त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

मी समृद्धीशी एकदाच बोलले. आक्कांना बोलवावंसं वाटतं का, एवढंच विचारलं. तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "मी बोलावलं की त्या आत येणार ना, ताई?" मी हो म्हणाले. "मग नको."

शनिवारी जयसिंगपूरहून आक्कांचे पुतणे बाहुबली गाडी घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना फोन केला होता. डॉक्टर स्वतः मात्र आले नाहीत. सामान एका ट्रंकेत आणि दोन पिशव्यांत मावलं. मुलं ओळीने पाया पडली. समृद्धीही आली, नीट वाकून नमस्कार केला. आक्कांनी तिचा हात धरून ठेवला आणि वाट बघितली. समृद्धी म्हणाली, "सावकाश जा, आक्का." हात सोडवून घेतला आणि वर्गाकडे पळाली.

याला आता नऊ वर्षं झाली. शाळा चांगली चालली आहे. दोन नव्या इमारती झाल्या, काढून नेलेल्या मुलांची धाकटी भावंडं आली, माळावर आणखी एक शाळा काढण्याचं ट्रस्टच्या मनात आहे. निवडीची सकाळ आम्ही चालू ठेवली. आदल्या दिवशी कोणाला काही सांगितलं जात नाही. संपतदादांनी त्याच वर्षी मे महिन्यात शाळा सोडली. डॉक्टर प्रत्येक भाषणात आक्कांचं नाव घेतात.

गेल्या महिन्यात बाहुबलींचा फोन आला. आक्का आता माणसं ओळखत नाहीत, पुतण्यालाही नाही. सकाळी उठून घराच्या ओसरीवर जाऊन बसतात. जेवायला हाक मारली तर आत येत नाहीत. मला अजून बोलावलेलं नाही, म्हणतात. घरच्यांनी आधी ते मनावर घेतलं नाही. हल्ली पोटात काही जात नाही, उचलून आत आणावं लागतं आणि त्या ओरडतात. कोणी बोलवायचंय, असं विचारलं की समृद्धी म्हणतात. बाहुबलींनी आपल्या मुलीला बाहेरून यायला लावून, "मी समृद्धी, चला आक्का," असं म्हणायला सांगितलं. आक्कांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला पाठवलंय."

ही समृद्धी कुठे असते, असं बाहुबलींनी मला विचारलं.

समृद्धी सांगलीत फिजिओथेरपी शिकते. सांगलीहून जयसिंगपूर अर्ध्या तासावर आहे. मी तिला फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं. आक्का आता किती वर्षांच्या, असं तिने विचारलं. पाय सुजतात का, किती वेळ बसतात, पाठीला आधार आहे का, असंही विचारलं.

मग म्हणाली, "ताई, तुम्ही मला जा म्हणताय का?"

मी नाही म्हणाले. फक्त कळवते आहे, म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिने बाहुबलींचा नंबर लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. नंबर बरोबर होता.

काल दुपारी मी बाहुबलींना विचारलं. आक्का सकाळपासून ओसरीवर आहेत, म्हणाले. कोणाचा फोन आलेला नाही.